प्रश्न तुमचे: बंदूक नवी, टीव्ही सपाट, मग नेम का चुकतो?

गेल्या अंकात टीव्हीवरच्या बंदुकीच्या खेळांबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं होतं. पत्रं बेळगाव शहरातून आली, तशी निपाणी, चिकोडी, खानापूर, हुक्केरी भागांतूनही आली. एकाच विषयावरचे प्रश्न एकत्र केले आहेत. बहुतेकांची तक्रार बंदुकीबद्दल आहे. दोष मात्र पुष्कळदा खोलीत निघाला.

प्रश्न : माळ्यावरून जुना कॅसेटचा व्हिडिओ गेम काढला. कॅसेट चालते, रिमोट चालतात, बदकांचा खेळ सुरू होतो, पण बंदूक मारली की एकही बदक पडत नाही. दुकानदार म्हणतो, एव्हीचं एचडीएमआय करणारा कन्व्हर्टर घाला, चालेल. चालेल काय?
– एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : नाही. कन्व्हर्टरने काम आणखी बिघडेल.

जुनी बंदूक काही सोडत नाही, ती फक्त बघते. नळीत एक भिंग आणि त्यामागे उजेड ओळखणारा छोटासा भाग, एवढंच तिच्यात असतं. तुम्ही चाप ओढला की खेळ एका फ्रेमपुरता (फ्रेम म्हणजे टीव्हीवर झपाट्याने एकामागून एक येणाऱ्या चित्रांपैकी एक) सगळा पडदा काळा करतो आणि पुढच्या फ्रेमला बदकाच्या जागी पांढरा चौकोन दाखवतो. बदकं दोन असतील तर चौकोन एकामागून एक दोन फ्रेममध्ये येतात. बंदुकीला आधी अंधार आणि मग नेमक्या त्या फ्रेमला उजेड दिसला, तर बदक पडलं. काळी फ्रेम आधी यासाठी, की कुणी बल्बकडे बंदूक रोखून फुकट गुण मिळवू नयेत.

आपल्याकडच्या जुन्या टीव्हीवर हा सगळा हिशोब १/५० सेकंदाच्या, म्हणजे २० मिलिसेकंदांच्या टप्प्यांत चालतो. डब्बा टीव्ही सिग्नल येईल तसा थेट काचेवर रंगवत जातो. एलईडी टीव्ही आधी चित्र साठवतो, ताणून मोठं करतो, त्याला तासून-पुसून मग दाखवतो. गेम मोड, म्हणजे हे काम कमी करून उशीर घटवणारी सेटिंग, नसलेल्या टीव्हीत यात ५० ते १०० मिलिसेकंद सहज जातात. पांढरा चौकोन पडद्यावर उमटेपर्यंत खेळाने ‘चुकला’ असा निकाल देऊन टाकलेला असतो. कन्व्हर्टर म्हणजे त्याच वाटेवर आणखी एक थांबा.

अडचण तिथेच संपत नाही. निन्टेन्डोच्या मूळ बंदुकीत सेकंदाला सुमारे १५ हजार वेळा चमकणारा उजेडच पकडणारं फिल्टर आहे, कारण डब्बा टीव्हीच्या आडव्या रेघा त्याच गतीने उमटतात. एलईडी टीव्हीचा उजेड तसा नसतोच. म्हणून उशीर शून्यावर आणला तरी ती बंदूक आंधळीच राहील. प्लेस्टेशनच्या ‘टाइम क्रायसिस’ या खेळाबरोबर आलेली नामको कंपनीची जी-कॉन ४५ ही बंदूक वेगळ्या जातीची. ती व्हिडिओच्या वायरीतून चित्र कधी सुरू झालं ते घेते आणि काचेवर चित्र रंगवत धावणारा किरण नळीसमोर नेमका कोणत्या क्षणी आला ते मोजून जागा काढते. सपाट टीव्हीत धावणारा किरणच नाही, मग मोजणार काय?

तुमच्या संचाला खरा उपाय एकच : डब्बा टीव्ही. भंगारवाल्याकडे किंवा जुन्या टीव्ही मेकॅनिककडे अजून मिळतो. २१ इंची साधा घ्या. ‘१०० हर्ट्झ’ लिहिलेला महागडा मॉडेल घेऊ नका, तो आतून चित्र साठवूनच दाखवतो आणि बंदूक पुन्हा फसते. जोडताना सेट-टॉप बॉक्स किंवा रेकॉर्डर मधे घालू नका. ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट चढवा, नळीतल्या भिंगावरची धूळ कापसाने पुसा. आणि टीव्हीचं मागचं झाकण स्वतः उघडू नका. करंट काढल्यावरही पिक्चर ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट राहू शकतात.

प्रश्न : नवीन बंदूक घ्यायची आहे. एक कॅमेऱ्याची असते, एक इन्फ्रारेडची. आमचा सोपा १० बाय १२ फूट, टीव्ही ४३ इंची, खिडकी पश्चिमेला. कुठली घ्यावी?
– एक वाचक, चिकोडी

उत्तर : तुम्ही खोलीचं माप आणि खिडकीची दिशा लिहिलीत. हे फार कमी जण लिहितात, आणि निम्मं उत्तर त्यातच आहे.

नव्या दोन्ही जातींना टीव्हीच्या वेळेशी देणंघेणं नाही. त्या पडद्याच्या चार बाजू शोधतात आणि त्यावरून नळी कुठे रोखली आहे ते गणिताने काढतात. त्यामुळे टीव्ही उशीर करत असला तरी गोळी पडण्याची जागा चुकत नाही. फक्त पडद्यावरची नेमाची फुली हाताच्या मागून येते आणि धावत्या शत्रूवर नेम मागे पडतो. गेम मोड लावायचा तो एवढ्यासाठी.

कॅमेऱ्याच्या जातीत सिंडेन ही जास्त माहितीतली. २०१९ मध्ये तिच्यासाठी क्राउडफंडिंग झालं. खेळाच्या चित्राभोवती पांढरी जाड चौकट काढली जाते आणि नळीतला कॅमेरा ती चौकट बघतो. टीव्हीला काही चिकटवायचं नाही, जवळून चालते, लहान खोलीला बरी. पण तिला चौकट स्वच्छ दिसायला हवी. खिडकीचं प्रतिबिंब काचेवर पडलं की चौकटीची एक बाजू पुसली जाते आणि नेम उड्या मारतो. पश्चिमेची खिडकी टीव्हीच्या समोर असेल तर दुपारी चारनंतर जाड पडदा ओढूनच खेळावं लागेल. टीव्हीचा बॅकलाइट पूर्ण चढवा. काही टीव्ही बॅकलाइट कमी करताना तो वेगाने चालू-बंद करतात, डोळ्याला कळत नाही, पण कॅमेऱ्याला पट्टे दिसतात.

इन्फ्रारेडच्या जातीत टीव्हीभोवती चार ठिकाणी न दिसणाऱ्या उजेडाचे एलईडी लावतात आणि बंदुकीतला कॅमेरा त्यांचे ठिपके बघतो. चौकट लागत नाही, चित्र पूर्ण मिळतं, काचेवर थोडी चमक असली तरी फरक पडत नाही. अडचण अंतराची. यात बहुधा वापरला जातो तो कॅमेरा आडवा ३३ अंश आणि उभा २३ अंश एवढाच बघतो. ४३ इंची टीव्ही सुमारे ९५ सेंटिमीटर रुंद. नळी डाव्या कडेवर रोखली तरी उजव्या कडेचा एलईडी दिसत राहायला हवा, म्हणजे ९५ सेंटिमीटर हे ३३ च्या निम्म्यात, साडेसोळा अंशांत बसायला हवेत. त्याला नळीपासून टीव्हीपर्यंत सुमारे ३.२ मीटर, साडेदहा फूट लागतात. ३२ इंचीला २.४ मीटर, म्हणजे आठ फूट. ५५ इंचीला ४.१ मीटर, साडेतेरा फूट. हे अंतर नळीपासून मोजायचं, पायापासून नाही. हात लांब करून उभं राहिलं की बंदूक दीडदोन फूट पुढे येते.

एक ठिपका नजरेआड गेला तर चांगलं फर्मवेअर (बंदुकीच्या बोर्डातला प्रोग्राम) उरलेल्या तिघांवरून त्याचा अंदाज घेतं, त्यामुळे फूट-दीड फूट कमी पडलं तरी खेळता येतं, कडांना अचूकपणा थोडा घटतो. तुमचा टीव्ही १० फुटी भिंतीवर असेल, म्हणजे समोर १२ फूट मिळत असतील, तर मागच्या भिंतीला पाठ टेकून कसंबसं जमेल. १२ फुटी भिंतीवर असेल, म्हणजे समोर १० फूटच असतील, तर नाही जमणार. मग एकतर रुंद कोनाची लेन्स बसवलेली इन्फ्रारेड बंदूक घ्या किंवा पडदा ओढून कॅमेऱ्याची. आमचा कल तुमच्या खोलीसाठी कॅमेऱ्याकडे.

टीव्हीवर फक्त एकच पट्टी ठेवायला सांगणारी, दोनच ठिपक्यांची बंदूक स्वस्तात मिळते. ती घेऊ नका. दोन ठिपक्यांवरून तुम्ही किती लांब आणि किती तिरके उभे आहात ते नीट निघत नाही. एका जागी खिळून उभं राहिलात तोवर ठीक, पाऊल सरकलं की नेम सरकला.

प्रश्न : मी पी.यू.सी. दुसऱ्या वर्षाला आहे. इन्फ्रारेडची बंदूक घरीच बनवायची आहे. सामान, जोडणी, एलईडीचा रेझिस्टर कसा काढायचा ते सविस्तर सांगा. मित्र म्हणतो, एलईडी सरळ यूएसबीला लावले तरी चालतात.
– एक विद्यार्थी, खानापूर

उत्तर : मित्राचं ऐकू नकोस. सरळ लावलेले एलईडी जळतील.

सामान लिहून घे. आरपी२०४० चिपचा बोर्ड, साधा रास्पबेरी पाय पिको चालतो. डीएफरोबॉटचा इन्फ्रारेड पोझिशनिंग कॅमेरा, याच्या चिपला एका वेळी चार ठिपके मोजता येतात. चापासाठी पत्ती असलेला मायक्रोस्विच, बाकी कामांसाठी तीन-चार पुश बटणं. ९४० नॅनोमीटरचे ५ मिलिमीटरचे एलईडी ८, आणि ४७ ओहमचे पाव वॉटचे रेझिस्टर ४. डेटा वाहून नेणारी यूएसबी केबल, ३ मीटरची. यातलं काही बेळगावात न मिळालं तर पुण्याची तापकीर गल्ली किंवा बेंगळुरूचा एस. पी. रोड, नाहीतर ऑनलाइन. बंदुकीचं खोकं म्हणून स्पंजच्या गोळ्यांची खेळण्यातली बंदूक चांगली, आत जागा असते आणि रंग भडक असतो.

आधी एलईडी. ९४० चा एक एलईडी सुमारे १.३ व्होल्ट खातो. दोन एकामागे एक (सिरीजमध्ये) जोडले की २.६. यूएसबीचे ५ व्होल्ट, उरले २.४. आपल्याला ५० मिलिअँपियर हवेत. २.४ भागिले ०.०५ म्हणजे ४८ ओहम, बाजारात ४७ चा मिळतो. रेझिस्टरवर साधारण ०.१२ वॉट उष्णता होते, पाव वॉटचा पुरतो. टीव्हीच्या प्रत्येक बाजूच्या बरोबर मध्यावर असा दोन एलईडी आणि एक रेझिस्टरचा एक गट. दोन्ही एलईडी शेजारी शेजारी चिकटव, म्हणजे कॅमेऱ्याला ते मिळून एकच ठिपका दिसतील. चारही गट पाच व्होल्टला समांतर जोड. एकूण २०० मिलिअँपियरच्या आसपास, टीव्हीच्या यूएसबी पोर्टवर सहज चालतं. दहा फुटांवरून ठिपके फिके वाटले तर प्रत्येक ठिकाणी असाच आणखी एक गट वाढव, ४०० च्या आसपास जाईल, तरीही ५०० च्या आत.

एलईडी घेताना कोन विचार. अरुंद कोनाचा झोत लांब जातो, पण बाजूला उभा राहिलेल्या दुसऱ्या खेळाडूला ठिपका दिसत नाही. रुंद कोनाचेच घे. लांब पाय प्लसचा. पेटले की नाही ते डोळ्याला दिसणार नाही. मोबाइलचा पुढचा, सेल्फीचा कॅमेरा समोर धर, फिकट जांभळा ठिपका दिसेल. मागच्या कॅमेऱ्यात बहुधा फिल्टर असतं, तिथे दिसला नाही म्हणून एलईडी फेकून देऊ नकोस.

आता बोर्ड. कॅमेऱ्याला चार वायरी : प्लस, ग्राउंड, डेटा, क्लॉक. प्लस पिकोच्या ३.३ व्होल्टच्या पिनेला लाव, ५ ला नको. कॅमेरा पाचावरही चालतो, पण मग डेटाच्या वायरीवर पाच व्होल्ट येण्याचा धोका आणि पिकोच्या पिना ते सोसत नाहीत. डेटा-क्लॉकच्या वायरी वीतभर ठेव, हातभर लांब केल्या की संदेश तुटायला लागतात. बटणांची एक बाजू पिकोच्या पिनेला, दुसरी ग्राउंडला, वेगळा रेझिस्टर नको.

फर्मवेअरसाठी ओपनफायर हे खुलं आणि फुकट आहे. पिकोवरचं बूटसेल बटण दाबून धर, तसंच केबल कॉम्प्युटरला लाव, पेन ड्राइव्हसारखा ड्राइव्ह उघडेल. त्यात फर्मवेअरची यूएफ२ फाइल टाकली की बोर्ड आपोआप रीस्टार्ट होतो. मग त्याच्या अ‍ॅपमध्ये कुठल्या पिनेला काय जोडलंय ते सांग आणि एलईडीची मांडणी निवड. बाजूंच्या मध्यावर लावले असतील तर हिऱ्याच्या आकाराची, वर एक पट्टी आणि खाली एक पट्टी अशी लावली असेल तर चौकोनी. इथे चुकीचं निवडलं की फुली वेड्यासारखी फिरते आणि मुलं कॅमेरा खराब म्हणून परत पाठवतात.

ड्राइव्ह उघडलाच नाही तर आधी केबल बदल. मोबाइलच्या चार्जरबरोबर आलेल्या कितीतरी केबलींत डेटाच्या तारा नसतातच.

शेवटचं आणि सगळ्यात नाजूक काम कॅमेरा बसवण्याचं. तो नळीच्या रेषेत, घट्ट हवा. हॉट ग्लूने चिकटवलास तर एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात ग्लू मऊ पडतो, कॅमेरा केसभर कलतो, आणि आठ फुटांवर एका अंशाची चूक चार सेंटिमीटरची होते. दोन स्क्रू आणि पत्र्याची पट्टी वापर. कॅमेरा उलटा बसला तर नेम वर केल्यावर फुली खाली जाईल. बसवून झाल्यावर कॅलिब्रेशन : मध्य आणि चार कडांवर अ‍ॅप सांगेल त्या क्रमाने चाप ओढायचा. ते नेहमी जिथून खेळणार तिथेच उभं राहून कर.

प्रश्न : इन्फ्रारेडची तयार बंदूक घेतली. दुपारी झकास चालते. संध्याकाळी सातच्या सुमाराला फुली एकदम कोपऱ्यात पळते, तासाभराने आपोआप बरी होते. विक्रेता म्हणतो व्होल्टेज कमी पडतं. स्टॅबिलायझर घ्यावा काय?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : स्टॅबिलायझर घेऊ नका. टीव्हीच्या आसपास देवघर किंवा देवाचा कोनाडा आहे काय, ते बघा.

बंदुकीतला कॅमेरा चारच उजळ ठिपके धरतो. ज्योत इन्फ्रारेड भरपूर सोडते, तुमच्या एलईडीपेक्षा किती तरी जास्त. समई किंवा निरंजन त्याच्या नजरेत आली की तो एलईडींपैकी एक सोडून ज्योत धरतो. मग चौकोनाचा एक कोपरा थेट देवासमोर जातो आणि नेम त्याच्यामागे पळतो. तासाभराने वात शांत झाली की सगळं सुरळीत. निन्टेन्डोच्या ‘वी’ या व्हिडिओ गेमच्या रिमोटमध्ये याच तऱ्हेचा कॅमेरा होता, आणि एलईडीची पट्टी नसेल तेव्हा लोक दोन मेणबत्त्या लावून तो चालवत. तिथे जमलं ते इथे नडतं.

देव हलवायचे नाहीत, टीव्ही हलवा. तेही नको असेल तर मध्ये जाड पडदा सोडा, किंवा त्या वेळेला खेळ थांबवा. घरातल्या थोरल्यांना तेच आवडेल.

ज्योत नसेल तर या गोष्टी क्रमाने तपासा. पिवळा, तारेचा जुना बल्ब किंवा हॅलोजन : बदला, एलईडी बल्ब आणि ट्यूबलाइटचा त्रास जवळजवळ नसतो. चकचकीत फरशी : विट्रीफाइड टाइल्सवर खालच्या एलईडीचं प्रतिबिंब पडतं आणि कॅमेऱ्याला पाचवा ठिपका दिसतो. टीव्हीखाली घोंगडी किंवा सतरंजी अंथरा. हीच गोष्ट सनमायकाच्या चकाकत्या टीव्ही युनिटची आणि शोकेसच्या काचेची.

खानापूरकडच्या एका पत्रात नेम सकाळी साडेनऊच्या सुमाराला, आणि तोही फक्त हिवाळ्यात बिघडतो असं आहे. कौलारू घरात उजेडासाठी एखादं काचेचं कौल असतं. त्यातून उतरलेला उन्हाचा तुकडा भिंतीवर सरकत सरकत टीव्हीपाशी पोचत असणार. सूर्याची चाल ऋतूप्रमाणे बदलते, म्हणून बाकी वर्षभर तक्रार नाही. आतून त्या कौलाखाली एखादं पोतं ताणून बघा, लगेच खात्री होईल.

शोधायचा सोपा मार्ग : बंदुकीच्या अ‍ॅपमध्ये कॅमेऱ्याला दिसणारे ठिपके दाखवणारा चाचणीचा पडदा असतो. टीव्हीचे एलईडी बंद करा आणि तो उघडा. एकही ठिपका दिसता कामा नये. दिसला तर बंदूक हळूहळू हलवून तो कुठून येतोय ते काढा.

प्रश्न : कॉम्प्युटरला दोन बंदुका लावल्या. दोन्ही एकच बाण हलवतात. शिवाय मध्यभागी नेम बरोबर, कडेला गेलं की चुकतो.
– एक वाचक, टिळकवाडी

उत्तर : पहिली गोष्ट. या बंदुका कॉम्प्युटरला माउस म्हणूनच दिसतात, आणि विंडोज सगळ्या माउसांना मिळून एकच बाण देतं. खेळ चालवणाऱ्या प्रोग्रामने दोन्ही वेगळ्या वाचायला हव्यात. मेम (जुने आर्केड खेळ कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्राम) असेल तर त्याच्या आयएनआय या सेटिंगच्या फाइलीत ‘लाइटगन’ समोर १, ‘लाइटगन प्रोव्हायडर’ समोर ‘rawinput’, आणि पडद्याबाहेर मारून गोळ्या भरायच्या असतील तर ‘ऑफस्क्रीन रिलोड’ समोर १ लिहा. मग खेळ सुरू करून टॅबच्या मेन्यूत प्रत्येक खेळाडूला त्याची बंदूक नेमून द्या. रेट्रोआर्क या तशाच दुसऱ्या प्रोग्राममध्ये विंडोजवर इनपुट ड्रायव्हर ‘रॉ’, लिनक्सवर ‘यूडेव्ह’, आणि प्रत्येक पोर्टला वेगळा माउस क्रमांक. तिथे कंट्रोलरचा प्रकारही लाइटगन निवडावा लागतो, हे पुष्कळ जण विसरतात. घरी बनवलेल्या दोन बंदुका असतील तर फर्मवेअरमधून दोघींना वेगळी यूएसबी ओळख द्या, नाहीतर रोज पहिली-दुसरीची अदलाबदल होईल. कॅमेऱ्याच्या जातीच्या दोन बंदुका एका हबवर टांगू नका, दोन कॅमेऱ्यांचं चित्र एका वाटेने मावत नाही. कॉम्प्युटरच्या वेगवेगळ्या पोर्टना थेट लावा. हे सगळं टाळायचं असेल तर बाटोसेरा ही जुन्या खेळांसाठीची तयार सिस्टिम पेन ड्राइव्हवर टाकून बघा, त्यात बऱ्याच बंदुका आपोआप ओळखल्या जातात. खेळांच्या फायली कुठून मिळतात हे मात्र आम्ही छापणार नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, कारण चुकीची तऱ्हाच दोष सांगते. सगळीकडे सारखीच, समजा दोन बोटं डावीकडे चूक होत असेल, तर कॅमेरा नळीत हलला आहे : घट्ट करून पुन्हा कॅलिब्रेट करा. मध्यावर बरोबर आणि डाव्या-उजव्या कडेला चूक वाढत जात असेल, तर खेळ जुन्या ४:३ आकारात दिसतोय आणि बंदूक १६:९ समजून मोजतेय. तुमची तक्रार हीच. बंदुकीच्या अ‍ॅपमध्ये ४:३ ची सोय असेल तर ती लावा, नसेल तर खेळ पूर्ण पडद्यावर ताणा. चारही कडांना चूक असेल, किंवा कॅमेऱ्याच्या बंदुकीची चौकट कडेला कापलेली दिसत असेल, तर टीव्ही चित्र वाढवून कडा कापतोय. टीव्हीच्या पिक्चर साइझमध्ये ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ शोधा, किंवा त्या एचडीएमआयला ‘पीसी’ हे नाव द्या. आणि नेम बरोबर पण जिवंत माशासारखा थरथरत असेल, तर ठिपके फिके आहेत किंवा तुम्ही फार लांब उभे आहात.

प्रश्न : जत्रेत फुग्यांच्या नेमबाजीशेजारी टीव्हीवरच्या बंदुकीचा स्टॉल लावायचा विचार आहे. दोन बंदुका, धक्का देणाऱ्या. करंट जनरेटरचा. काय काळजी घ्यावी?
– एक वाचक, हुक्केरी तालुका

उत्तर : उघड्यावर दिवसा नाही चालणार, कुठलीच. उन्हात कॅमेऱ्याला चौकट दिसत नाही आणि इन्फ्रारेडला सूर्यच दिसतो. तिन्ही बाजूंनी आणि वरून गडद ताडपत्री बांधा, टीव्हीचं तोंड पूर्वेकडे-पश्चिमेकडे नको. शेजारच्या गाड्यावर हॅलोजन असेल तर तो टीव्हीच्या मागून डोकावणार नाही अशी जागा धरा. पोरं खाली उभी राहून वर नेम धरतात. स्वस्त पॅनेल खालून काळपट दिसतं, कॅमेऱ्याच्या बंदुकीची चौकट त्यात बुडते. म्हणून टीव्ही पोरांच्या उंचीला लावा किंवा थोडा पुढे झुकवा.

धक्क्यासाठी आत सोलेनॉइड (करंट दिला की दांडी खेचणारी तारेची गुंडाळी) असतो, बहुधा २४ व्होल्टचा. त्याला यूएसबीतून करंट पुरत नाही, वेगळा अडॅप्टर हवा. घरी बसवणार असाल तर तो चालू-बंद करणारा मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) लॉजिक लेव्हलचा घ्या, जो ३.३ व्होल्टच्या इशाऱ्याला पूर्ण उघडतो. दुकानात सहज मिळणारा आयआरएफ ५४० अर्धवट उघडून तापत बसतो. सोलेनॉइडच्या दोन टोकांवर १एन४००७ डायोड उलटा लावायचा, पट्टीची बाजू प्लसला. तो विसरला की सोलेनॉइड बंद होताना उसळलेलं व्होल्टेज मॉसफेटला मारतं किंवा बोर्डाला रीसेट करतं. दर धक्क्याला बंदूक गायब होऊन परत येत असेल तर आधी हा डायोड बघा.

सलग गोळीबारात सेकंदाला १० धक्के आणि एक धक्का ४५ मिलिसेकंदांचा धरला, तर सोलेनॉइड जवळजवळ निम्मा वेळ चालू राहतो. घरी खेळताना ठीक, जत्रेत रात्रभर तो भाजेल. धक्के सेकंदाला पाचावर आणा. जनरेटरचं व्होल्टेज खालीवर होतं, कॉम्प्युटर यूपीएसवर ठेवा. सुटे भाग म्हणून चापाचे चार मायक्रोस्विच आणि दोन केबली जवळ असू द्यात. केबल पहिली तुटते ती मुठीच्या तोंडाशी, तिथे आत गाठ मारून वरून रबरी नळी चढवा.

थोडक्यात

*प्रोजेक्टरवर चालेल काय?* (अनगोळ) चालेल. इन्फ्रारेडचे एलईडी पडद्याच्या कडांना भिंतीवर चिकटवा. चित्र मोठं असतं, तेव्हा वर दिलेला अंतराचा हिशोब आधी करा.

*प्लेस्टेशन ५ ला?* (संकेश्वर) सरळ जोडून नाही. बंदूक माउस बनते आणि खेळाने तो माउस बंदूक म्हणून स्वीकारायला हवा.

*काळ्या रंगाची, खऱ्यासारखी दिसणारी मिळतेय, घेऊ काय?* (निपाणी) नको. पार्सलमध्ये अडकते, आणि पोरगं ती घेऊन गल्लीत गेलं तर नसती भानगड. नारिंगी किंवा निळी घ्या.

*‘टाइम क्रायसिस’ला लपण्यासाठी पायाचं पेडल हवं. शिलाई मशीनचं लावू काय?* (खानापूर) मुळीच नको. मोटरच्या मशीनचं पेडल २३० व्होल्टवर चालतं, आणि ते बटण नसून वेग कमी-जास्त करणारा भाग आहे. दुकानात साधा दोन वायरींचा फूट स्विच मिळतो. त्याची एक वायर बोर्डाच्या रिकाम्या पिनेला, दुसरी ग्राउंडला, आणि अ‍ॅपमध्ये त्या पिनेला पेडल म्हणून नाव द्या.